वाळूवरचा धाकटा

लाकूड पाण्यात बुडत नाही. मग माझा थोरला भाऊ परत का आला नाही?

हा प्रश्न मी लाटांना विचारला. त्या किनाऱ्यावर डोकं आपटून माघारी गेल्या. मासे उचलणाऱ्या गरुडाला विचारला, तो मासा घेऊन उडून गेला. म्वेरा वाऱ्याला विचारला. दक्षिणेकडून येणाऱ्या त्या वाऱ्याला तर ठाऊक असायलाच हवं होतं, पण तोही गप्प. आजतागायत कुणी उत्तर दिलं नाही.

मी एक ओंडका बोलतोय. मधोमध कोरला म्हणून होडी म्हणायचं, एवढंच. माझं नाव धाकटा. माझी कितीतरी वर्षं बालवाडीच्या अंगणात गेली, पण वर्गाच्या आत मी कधी गेलो नाही. मला अक्षर येत नाही. सांगताना मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या. शिवाय मला घाई आहे. का, ते कळेलच.

आम्ही दोघं एकाच झाडाचे. सरोवराच्या वरच्या डोंगरात एक लाल लाकडाचं झाड होतं. लुम्बानी आणि वेझी या दोन भावांच्या बापानं ते पाडलं. बुंध्याकडच्या जाड भागातून थोरला निघाला आणि शेंड्याकडच्या भागातून मी. पाठीला पाठ लावून आलेलो. म्हातारा वाकसानं माझं पोट कोरत होता, तेव्हा बुडाशी एक गाठ लागली. तो थुंकला आणि म्हणाला, "हा गळणार. वेझीला देऊन टाका. त्याच्याही हातात काही टिकत नाही, शाळासुद्धा टिकली नाही."

सगळे हसले. वेझी तेव्हा पोरगाच होता. त्यानं रागानं हातातला वाळल्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा दरीत भिरकावला. आणि लगेच स्वतःच दरीत उतरून तो शोधून आणला. तो असाच. आधी फेकणार, मग शोधणार.

डोंगरावरून आम्हांला खाली ओढायला सगळं गाव दोरीला लागलं होतं. थोरला पुढं, मी मागं. पाण्यात उतरल्यावर पहिली लाट त्यानं अंगावर घेतली आणि मला आडोसा केला. पुढंही कायम तसंच. लाटेच्या बाजूला तो, किनाऱ्याच्या बाजूला मी.

आमच्याकडं जाळं दोन होड्यांमध्ये धरतात. एक टोक या होडीत, दुसरं त्या होडीत. ओढताना दोन्हीकडं सारखं वजन पडलं पाहिजे. लुम्बानी ओरडायचा, "हळू रे, गाढवा! लग्नाला चाललायस का?" वेझी उलट ओरडायचा, "तूच म्हातारा झालायस!" चांदीच्या पट्टीसारखे मासे आमच्या पोटात तडफडायचे. माझी गाठ थोडी गळायची. वेझी टिनपाटानं पाणी उपसायचा आणि शिव्या द्यायचा, मला आणि बापाला मिळून.

मग तो दिवस आला. वेझीला हिवताप भरला होता. तो चटईवर कुडकुडत पडला होता आणि मी वाळूवर पालथा. मासे किनाऱ्याजवळ आलेत अशी बातमी आली, तेव्हा लुम्बानी थांबला नाही. त्याची चिमुरडी पोर, तेमवा, त्याच्या मागं पाण्यापर्यंत धावली. "बाबा, काकाची होडी पण घे ना!"

"एका माणसाला दोन होड्या वल्हवता येतात का गं, शहाणे?" तो म्हणाला आणि हसत गेला.

दुपारी म्वेरा सुटला. दोनतीन दिवसांनी लुम्बानीला पाण्यानं परत दिलं. थोरल्याला दिलं नाही.

माणसाचं मयत झालं. बायका रडल्या, पुरुष अंगणात शेकोटीभोवती बसले, कसाव्याच्या कंदाच्या पिठाचा गोळा आणि मासे सगळ्यांना वाढले, गाणी झाली, मूठमूठ माती टाकली. थोरल्यासाठी कुणी काही केलं नाही. लाकडासाठी कोण रडतं? मी वाळूवर पालथा पडून होतो. मला रडता येत नाही, मी फक्त तडकतो. त्या आठवड्यात माझ्या गाठीपासून एक चीर निघाली.

आणि मग गावाच्या जिभा सुटल्या. "ताप बरोबर त्याच दिवशी कसा आला?" "एकाच झाडाच्या दोन होड्या. एक गेली, एक राहिली. कशी काय?" न्याचिर्वा आजी तर विहिरीवर सरळ म्हणाली, "भावाला पाण्याला विकलं त्यानं. आता बघा, मासे त्याच्याकडं चालत येतील." या आजीचा गावाला धाक. तिचं बोलणं म्हणजे अर्धा निकालच. लोक वेझीच्या सावलीतून बाजूला व्हायला लागले. त्याला गावाबाहेर काढा, अशी कुजबुज गावप्रमुख म्वासे यांच्या दारापर्यंत पोचली.

वेझीनं काय केलं? जे तो करतो तेच. तो उठला, झाडाचे गोल दांडके माझ्याखाली सरकवले आणि मला एकट्यानं ओढत चढावर नेलं. चढावर बालवाडी होती. गवताचं छप्पर, आंब्याचं झाड, झाडाखाली जुने टायर, फुटकी मडकी, बाटल्यांची झाकणं, दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं. गावातल्या बाया पाळीपाळीनं पोरांसाठी पेज शिजवायच्या आणि तावोंगाबाई पोरांना सांभाळायच्या.

"बाई, तुम्ही मोडकंतोडकं मागत असता ना? घ्या. हे मोडकं. मी पुन्हा पाण्यावर पाय ठेवणार नाही." खांद्यावरची कुऱ्हाड त्यानं हातात घेतली. "थांबा, फोडूनच देतो."

"फोडू नकोस," बाई म्हणाल्या. "ते काय आहे हे पोरांना ठरवू दे."

"काय आहे म्हणजे? होडी आहे!"

"तुझ्यासाठी."

या बाईंचं सगळंच वेगळं होतं. पोरानं विचारलं, "बाई, मुंगी कुठं चालली?" की दुसरी कुणी म्हणाली असती, गप बस, अ आ म्हण. या म्हणायच्या, "मला नाही माहीत. चल, तिच्या मागून जाऊ." आणि खरंच जायच्या, कमरेचं कापड खोचून, चार पोरं मागं, वारुळापर्यंत. आया कुरकुरायच्या. "चिखलात तर आमची पोरं घरीही लोळतात. त्यासाठी इथं कशाला पाठवायची?" बाई हसून म्हणायच्या, "घरी तुम्ही ओरडता. इथं मी विचारते, चिखल कसा केलास?"

पोरांनी मला पहिल्या दिवशी बस केलं. येरेमिया नावाचा एक वात्रट पोरगा ड्रायव्हर झाला आणि सगळ्यांकडून आंब्याच्या कोया भाड्यापोटी घेऊ लागला. दुसऱ्या दिवशी मी मगर झालो. मग चर्च झालो, मग भट्टी, मग बाळ झालेल्या बाईची खाट. मला आधी राग यायचा. माझा भाऊ गेलाय आणि ही माझ्यावर उड्या मारतायत! पण मग एक इवलंसं पाऊल त्या चिरेवर पडायचं, ओलं, चिखलाचं, गरम. राग कुठं जायचा कळायचं नाही. पाण्यावर असताना मला दोन माणसांचं वजन ठाऊक होतं. इथं वीस पोरांचं वजन कळलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, मी गळका असलो तरी चालतं.

तेमवा मात्र चढत नव्हती. ती लांब बसून मला बघायची.

एक दिवस ती बाईंपुढं येऊन उभी राहिली. "बाई, बाबांची होडी कशी बुडली?"

पेज ढवळणाऱ्या बाईचा हात थांबला. घरी तेमवानं हे विचारलं की आई तिच्या तोंडावर हात ठेवायची. अशा गोष्टी विचारायच्या नाहीत, विचारलं की पाणी ऐकतं आणि पुन्हा माणूस मागतं, असं आमच्याकडं मानतात. बाईंनी हात ठेवला नाही. त्या खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला.

"मला नाही माहीत, तेमवा. कसं शोधायचं?"

तेमवानं विचार केला. "पाणी पाहिजे."

मग काय! ताटल्या, डबे, फुटकी मडकी घेऊन पोरांची रांग सरोवरापासून माझ्यापर्यंत लागली. निम्मं पाणी वाटेत अंगावर, निम्मं माझ्या पोटात. चिरेतून गळायचं, पोरं चिखल थापायची, पुन्हा भरायची. मी पाण्यात नव्हतो, पाणी माझ्यात होतं. असं मला कधी झालं नव्हतं. त्यांनी दगड टाकला, बुडाला. बुरकुंड टाकलं, तरंगलं. ओला कसावा बुडाला, सुका तरंगला, त्यावरून येरेमिया आणि दुसऱ्या पोरांची मारामारी झाली.

तेमवानं दोन छोटे तुंबे अर्धे चिरून आणले, मधे चिंधीचं जाळं बांधलं आणि चिंधीत खडे ठेवले. दोन्ही तुंबे हलले, पण तरंगले. मग तिनं एक तुंबा काढून घेतला. उरलेल्याच्या एका काठावरून ओली चिंधी आत ओढली. तुंबा कलला, पाणी आत शिरलं, उलटला.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा उलटला. कितीदा केलं कोण जाणे, पेज निवून गेली. बाई जवळ बसून होत्या.

शेवटी तेमवा म्हणाली, "दोन पाहिजेत." आणि तो उलटा तुंबा छातीशी धरून ती पहिल्यांदा माझ्यात चढून बसली.

"आता याचं मयत करायला पाहिजे," येरेमिया म्हणाला. पोरंच ती. त्यांनी माझ्याशेजारी वाळूत खड्डा केला. तुंबा माझ्या पोटात निजवला. मुलींनी डोक्यावर फडकी घेतली, मोठ्या बायांसारखं अंग हलवत रडायला लागल्या. येरेमिया पाद्री झाला आणि नाकातून बोलू लागला. "बंधूंनो, ही होडी चांगली होती. हिनं कुणाचे मासे चोरले नाहीत."

मी ऐकत होतो. ही होडी चांगली होती. हे वाक्य माझ्या थोरल्यासाठी जगात कुणीतरी म्हणालं होतं.

तेवढ्यात न्याचिर्वा आजी वाटेनं जात होती. तिनं पाहिलं आणि डोक्यावरचं सरपण खाली टाकलं. "अगं बाई! मयताचा खेळ? आणि त्याच्याच होडीत? कुणाला बोलावताय रे कार्ट्यांनो?" ती तशीच ओरडत गावात गेली. थोड्या वेळानं अर्धं गाव अंगणात. पुढं गावप्रमुख म्वासे, काठी टेकत. मागं वेझीला कुणीतरी बोलावून आणलेलं. त्याच्या हातात कुऱ्हाड.

"मी तेव्हाच फोडत होतो!" वेझी ओरडला. "तुम्ही अडवलंत, बाई! फोडतो आणि जातो मी या गावातून. तुम्हां सगळ्यांना तेच पाहिजे ना?"

त्यानं कुऱ्हाड उचलली. तेमवा माझ्यातून उतरली नाही. "काका, आधी बघ तरी!"

"काय बघू?"

"बाबा एकटा गेला होता. बघ."

तिनं तुंबा घेतला, चिंधी ओढली. उलटला. म्वाशांनी भुवई उंचावली. ते स्वतः उभा जन्म जाळ्यावर घालवलेले. काठी आजीच्या हातात देऊन ते खाली बसले आणि म्हणाले, "असं नव्हे, पोरी. तू धसमुसळेपणा करतेस. हळू ओढायचं असतं." त्यांनी स्वतः चिंधी ओढली. अगदी हळू, वाकलेल्या जुन्या बोटांनी. येरेमियानं शेजारून म्वेरा होऊन जोरात फुंकर मारली, म्वाशांच्या दाढीवर थुंकीचे शिंतोडे उडाले. तुंबा उलटला.

"वारा होता ना!" येरेमिया म्हणाला.

कुणीतरी फिसकन हसलं. म्वाशांनी दाढी पुसली, पण नजर पाण्यावरच होती. "एकट्यानं जाळं ओढू नये," ते हळूच म्हणाले. "माझा आजा सांगायचा. आपण सगळे जाणतो हे. जाणतो की नाही?" जाणत होते सगळे.

न्याचिर्वा आजी मात्र हटली नाही. "माणूस उलटला असेल. पण होडी? लाकूड बुडत नाही! मग होडी कुठं गेली, सांगा की!"

माझाच प्रश्न, आणि तो विचारला कुणी, तर त्या आजीनं!

"पलीकडच्या किनाऱ्याला," तेमवा म्हणाली. जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "तिकडच्या पोरांकडं पण बालवाडी असेल ना. त्यांना पण बस पाहिजे."

वेझी हसला. हसता हसता त्याचा आवाज फाटला, आणि तो माझ्या काठावर कपाळ टेकून रडायला लागला. भावाच्या मयतातही तो रडला नव्हता, लोकांनी तेही मोजून ठेवलं होतं. त्याचे अश्रू माझ्या पोटातल्या पाण्यात पडले. मी ते गळू दिले नाहीत. निदान मला तसं वाटतं.

आता म्वासे काय म्हणतात इकडं सगळ्यांचे कान. ते उठले, काठी परत घेतली.

"मयत सुरू कुणी केलं?"

पोरांनी येरेमियाकडं बोटं दाखवली.

"सुरू केलंय तर पुरं करा. अर्धं सोडलेलं मयत गावाला बरं नव्हे, हे तर न्याचिर्वासुद्धा मानेल."

मानावंच लागलं. आमच्याकडं रीतच आहे, एकदा रडणं सुरू झालं की माती पडेपर्यंत उठायचं नाही. पुरुष आंब्याखाली बसले. बायांनी खांद्यावरची कापडं डोक्यावर घेतली. आणि गाणं सुरू करायचा मान सगळ्यांत म्हातारीचा, म्हणून ते सुरू केलं न्याचिर्वा आजीनं, तोंड वाकडं करून का होईना. आवाज मात्र तिचा असा, की डोंगरावर माझ्या झाडाचा बुंधा उरला असेल तर त्यानंही ऐकलं असेल. तुंबा खड्ड्यात ठेवला आणि त्यावर मूठमूठ वाळू पडली. वेझीची मूठ शेवटची. निवलेली पेज सगळ्यांना घोटघोट वाटली. माझ्या थोरल्याचं मयत झालं, गावानं केलं. ते पोरांमुळं झालं, जी फक्त खेळत होती.

त्यानंतर वेझीला जा म्हणायला कुणी आलं नाही. काही जण पुढंही वाट बदलायचे, खोटं कशाला सांगू. पण दुसऱ्या दिवशी म्वाशांचा मुलगा आपली होडी घेऊन त्याच्या दाराशी उभा होता. "ऊठ. दुसरं टोक कोण धरणार?" वेझीनं मला मागितलं. पोरांनी दिलं नाही. "हा आमचा आहे!" म्हणून वीस जणं माझ्यावर पालथी पडली. त्याला उसन्या होडीवर भागवावं लागलं. मी इतका हवासा कधीच कुणाला नव्हतो.

पोरं आली, मोठी झाली, गेली. तेमवा टेकडीपलीकडच्या मोठ्या शाळेत गेली, पण सुटीत यायची आणि माझ्या काठावर बसून नव्या पोरांना म्हणायची, "आधी बघा तरी." माझ्यात किती बेडकांची पिल्लं वाढली, किती चिखलाच्या भाकऱ्या भाजल्या, किती भांडणं मिटली! मला पाण्यातून ओढून काढलं तेव्हा वाटलं होतं, संपलं. खरं तर तिथून सुरू झालं. पोरांनो, तुमचे उपकार या लाकडावर आहेत.

यंदा वाळवीनं माझं बूड खाल्लं. पाणी ठरेना. तावोंगाबाईंनी पोरांनाच विचारलं, "याचं काय करायचं?" एक म्हणाला शिडी, एक म्हणाली ढोल. शेवटी ठरलं, छोट्या छोट्या होड्या. वेझी आला, पुन्हा तीच कुऱ्हाड घेऊन. यावेळी आधी त्यानं माझ्यावर हात ठेवला, बराच वेळ. मग माझ्या चांगल्या भागातून प्रत्येक पोराला ओंजळीएवढी होडी कोरून दिली. एक जास्तीची झाली. ती तेमवानं वेझीच्या जाळ्याच्या होडीतून खोल पाण्यात नेऊन सोडली, पलीकडच्या किनाऱ्याच्या दिशेनं. तेव्हा थोरल्याची भेट झालीच तर मीच विचारीन, का नाही आलास?

तुम्हांला एकच मागणं. पोरानं काही विचारलं, तर त्याच्या तोंडावर हात ठेवू नका. थोडं पाणी द्या.

आज सकाळपासून पाऊस लागलाय. पोरं भिजून आलीत, भुकेली, छपराखाली दाटीवाटीनं बसलीत, मांडीवर ताटल्या. आजची पाळी येरेमियाच्या आईची, आता तिचं शेंडेफळ इथं येतं. ओलं सरपण नुसतं धुमसतंय, ती फुंकून फुंकून डोळे पुसतेय. कोपऱ्यात माझं उरलेलं बूड होतं, वाळवीनं खाल्लेलं, पण कोरडं. तिनं तावोंगाबाईंकडं पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

गाठ आधी पेटली. मी चांगला जळलो.

पेज उतू आली.